खोदाई चालू असताना काठ कसा सांभाळायचा: नदीपात्र आणि गोटे-वाळूच्या खाणींसाठी मार्गदर्शक

काठ खचायला लागला की पहिली मागणी दगडांची होते. डंपर येतात, कडेवरून दगड ओतले जातात आणि पुढच्या पुरात त्यातले निम्मे पाण्याबरोबर निघून जातात. काठ टिकणार की नाही हे बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. खड्डा कुठे घेतला, किती खोल नेला, कडेला किती जमीन सोडली आणि कामाचा क्रम काय ठेवला, यावर ते ठरतं. म्हणून या लेखात दगडी पिचिंगही (काठाच्या उतारावर दगडांचा थर बसवणं) आहे, पण ते बरंच पुढे येईल.

काठ तुटतो तो खालून

वरून पाहणाऱ्याला कडेची माती पडलेली दिसते, पण सुरुवात पायथ्याशी होते. प्रवाह पायथ्याची वाळू-गोटे नेतो, वरचा भाग अधांतरी राहतो, माथ्यावर काठाला समांतर भेगा पडतात आणि एक लांबट तुकडा खाली बसतो. पडलेली माती काही काळ पायथा झाकते. पुढचा पूर ती उचलतो आणि तेच चक्र पुन्हा सुरू होतं. पायथा स्थिर राहिला तर माथ्याची पडझड हळूहळू थांबते. पायथा हलत असेल तर माथ्यावर काहीही करा, ते टिकत नाही.

खोदाईमुळे या चक्राला चार बाजूंनी वेग येतो. तळ खाली गेला की काठाची उंची वाढते, आणि प्रत्येक मातीला ठरावीक उंचीपर्यंतच उभं राहता येतं. तळावर मोठ्या गोट्यांचा जो थर असतो, त्याने खालची बारीक वाळू झाकलेली असते. तो काढला की लहान पुरातही तळ हलू लागतो. खोदलेल्या खड्ड्यात वरून येणारा गाळ-वाळू अडकते. खड्ड्यातून पुढे जाणाऱ्या पाण्याकडे ताकद तेवढीच, पण वाहून न्यायला काही नाही. नदी-अभ्यासक याला ‘भुकेलं पाणी’ म्हणतात. ते आपली भूक खालच्या बाजूचा तळ आणि काठ खाऊन भागवतं. चौथी गोष्ट म्हणजे, काठाजवळ खड्डा घेतला तर नदी आणि खड्डा यांच्यामधली जमिनीची पट्टी दोन्ही बाजूंनी कुरतडली जाते.

खड्ड्याच्या वरच्या टोकाला काय होतं, तेही नीट समजून घ्यायला हवं. तिथे पाणी एकदम खोल उतरतं, उतार वाढतो, वेग वाढतो आणि ती कड झिजत नदीच्या वरच्या दिशेला सरकत जाते. खोदाई थांबली तरी हे सरकणं लगेच थांबत नाही. त्यामुळे नुकसान खाणपट्ट्याच्या (खोदाईसाठी परवान्याने मिळालेल्या जागेच्या) हद्दीत राहत नाही. ते वरच्या पुलाच्या पायापर्यंत, पाणी उपसायच्या विहिरींपर्यंत, उपनदीच्या मुखापर्यंत पोहोचतं. पोर्तुगालमध्ये डोरू नदीवरचा हिंत्झे रिबेरू पूल 4 मार्च 2001 च्या रात्री पुरात कोसळला आणि 59 माणसं गेली. पुलाच्या खांबाखालचा तळ खाली जाण्यामागे अनेक वर्षांचा वाळूउपसा हे एक प्रमुख कारण ठरलं. काठाचा विचार करताना हे डोळ्यांसमोर असलंच पाहिजे, कारण तळ आणि काठ या वेगळ्या गोष्टी नाहीत.

खोदण्याआधी: मोजणी

पहिली कुदळ मारण्याआधी नदीचे आडवे छेद, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रेषेत तळाच्या उंच्या, मोजून घ्या. छेद फक्त खाणपट्ट्यात नको, नदीच्या वरच्या आणि खालच्या बाजूलाही हवेत. प्रत्येक बाजूला किमान काही पात्ररुंदींइतकं अंतर धरा. जवळ पूल, बंधारा किंवा पाणीयोजना असेल तर तिथपर्यंत जा. प्रत्येक छेदाच्या दोन्ही टोकांना पुराच्या पातळीच्या वर काँक्रीटमध्ये पक्के खुंट बसवा आणि त्यांची उंची कायमच्या बेंचमार्कशी (उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेशी) जोडा. पुढच्या वर्षी नेमकी तीच रेषा मोजता आली नाही तर आधीच्या आकड्यांचा काही उपयोग राहत नाही.

सोबत पात्रातला सर्वांत खोल मार्ग लांबीच्या दिशेने मोजा. हीच रेषा पुढे खोदाईची मर्यादा ठरवते.

मग जुने नकाशे आणि उपग्रह-चित्रं काढा. दोन-तीन दशकांत काठ कुठून कुठे सरकला, जुनी वळणं कुठे होती, मोठ्या पुरात पाणी कोणत्या सखल भागातून निघालं, हे त्यात दिसतं. जुनं सोडलेलं पात्र म्हणजे नदीची ओळखीची वाट असते. खड्डा तिथे घेतला तर नदीला परत यायचं निमंत्रणच मिळतं. जुन्या माणसांशी बोला. कोणत्या पुरात कोणतं झाड, कोणती वाट गेली हे त्यांना चांगलं आठवतं, आणि चित्रांतलं अंतर पडताळून पाहता येतं.

काठ आणि खड्डा यांच्यात किती जमीन सोडायची

परवान्यात लिहिलेलं अंतर ही कमीत कमी मर्यादा असते. आपल्या काठाला ते पुरेल की नाही, हा हिशेब स्वतः करावा लागतो. त्याची रीत सोपी आहे.

काठ दरवर्षी सरासरी किती सरकतो, त्याला खड्डा उघडा राहणार त्या वर्षांनी गुणा. त्यात एका मोठ्या पुरात काठ एकदम किती तुटला होता, तो जुन्या चित्रांतला सर्वांत वाईट आकडा मिळवा. खड्ड्याची स्वतःची कड मागे ढासळते, त्यासाठी निदान खड्ड्याच्या खोलीइतकं अंतर आणखी धरा. समजा, काठ वर्षाला 1.2 मीटर सरकतो, खड्डा 15 वर्षं राहणार आहे, एका पुरात 10 मीटर जमीन गेल्याची नोंद आहे आणि खड्डा 6 मीटर खोल आहे. मग 18 अधिक 10 अधिक 6, म्हणजे 34 मीटर. हा किमान आकडा झाला. बाहेरच्या वळणावर, जिथे प्रवाह काठावर आदळतो, तिथे याहून बरीच जास्त जमीन सोडा. शक्य असेल तर वळणाच्या बाहेरच्या बाजूला खड्डा घेऊच नका.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या: बंद केल्यावर खड्डा बुजवणार नसाल, तर ‘खड्डा उघडा राहणार ती वर्षं’ खाणपट्ट्याच्या मुदतीपेक्षा कितीतरी जास्त असतात. हिशेबात फक्त परवान्याची वर्षं धरली तर पट्टी कमी पडणारच.

सोडलेल्या पट्टीवरची झाडं, झुडपं, गवत यांना हात लावू नका. रस्ता, ढिगारा, वजनकाटा, डिझेलची टाकी असं काहीही त्या पट्टीवर नको.

पात्रात खोदताना

पात्रातून माल काढायचाच असेल तर कोरड्या हंगामात, उघड्या पडलेल्या गोट्यांच्या पट्ट्यावरून वरवर खरवडून काढा. खोल खड्डे करू नका. पट्ट्याचा प्रवाहाच्या वरच्या दिशेचा निदान एक तृतीयांश भाग तसाच राहू द्या. येणारा प्रवाह तिथेच वळतो आणि त्या टोकावर पट्ट्याचा सगळा आकार टिकून असतो. टोक कापलं की पाणी सरळ पट्ट्यावरून धावतं आणि समोरच्या किंवा बाजूच्या काठावर नव्या कोनातून आदळतं. काठ का तुटला हे शोधताना अनेकदा कारण त्या काठावर सापडत नाही, ते पलीकडच्या कापलेल्या पट्ट्याच्या डोक्याशी असतं.

पाण्याकडेची कडही जागेवर राहू द्या, म्हणजे वाहतं पाणी आणि खोदाई यांच्यामध्ये न खोदलेली पट्टी राहील. खरवडलेला तळ त्या वेळच्या पाणीपातळीपेक्षा वर असावा आणि प्रवाहाकडे 1 ते 2 टक्के उतरता असावा. खळगे राहिले तर पूर ओसरताना त्यात मासे अडकतात, आणि पुढच्या पुरात प्रवाह त्याच खळग्यांतून नवी वाट काढतो. पाणी वाहतं त्या मुख्य पात्रात आणि काठाच्या पायथ्याला पोकलेन लावू नका. काठाखालचे मोठे गोटे कितीही चांगले दिसत असले तरी ते त्या काठाचा पाया आहेत.

किती काढायचं? वर्षभरात नदी जेवढं आणून टाकते त्याहून कमी. पुराआधी आणि पुरानंतर मोजलेल्या छेदांतून हा आकडा मिळतो. ज्या वर्षी पूर आला नाही, त्या वर्षी भरही पडली नाही. मग त्या वर्षी मागच्या वर्षाइतका माल काढायचा हक्क सांगण्यात अर्थ नाही.

पात्राबाहेरच्या खड्ड्यात

पूरमैदानातला खड्डा सुरक्षित वाटतो, पण मोठ्या पुरात नदी मधली पट्टी फोडून खड्ड्यात शिरू शकते. अमेरिकेत ओरेगनमधल्या क्लॅकमस नदीने 1996 च्या पुरात असाच एक बाजूचा खड्डा गिळला. तिथून साधारण 1 किलोमीटर वरपर्यंत तळ सुमारे 2 मीटर खाली गेला. हे टाळायचा पहिला उपाय म्हणजे खड्डा पात्राच्या सर्वांत खोल रेषेपेक्षा खाली न नेणं. मग नदी शिरली तरी तिला उडी मारायला उतार कमी मिळतो.

दुसरा उपाय पाण्याला नियोजित वाट देण्याचा. पुराचं पाणी खड्ड्यात येणारच असेल, तर ते खालच्या टोकाकडून यावं. त्या टोकाला बांधाचा एक भाग मुद्दाम कमी उंचीचा ठेवा. त्याचा माथा आणि दोन्ही उतार दगडांनी मजबूत करा. पूर चढताना पाणी तिथून मागे फुगून शांतपणे खड्डा भरतं. वरच्या बाजूने बांध ओलांडला जाईपर्यंत आत-बाहेर पातळी जवळपास सारखी झालेली असते, म्हणून धबधबा तयार होत नाही. रिकाम्या खोल खड्ड्यात वरून कोसळणारं पाणी काही तासांत पट्टी कापून काढतं.

खड्ड्याच्या बाजूंचा उतार शेवटच्या आकारात उभा 1 मीटर तर आडवा 3 मीटर असावा. तो खोदतानाच तसा करत जा. आधी उभी भिंत कापायची आणि शेवटी भराव टाकून उतार करायचा, हा मार्ग महाग पडतो, शिवाय सैल भराव पाण्यात बसत नाही. पाणीपातळी जिथे वर-खाली होते त्या पट्ट्यात उतार आणखी सपाट ठेवा. मोठ्या तळ्यासारख्या खड्ड्यात वाऱ्याच्या लाटाही काठ खातात. वारा ज्या दिशेला लाटा ढकलतो त्या काठावर रुंद, सपाट पायरी ठेवा. लाट तिथेच मोडते.

आता झिरप्याबद्दल. खड्ड्यातलं पाणी उपसून कोरडं काम करत असाल, तर नदीची पातळी खड्ड्यापेक्षा वर असते आणि मधल्या पट्टीतून पाणी सतत खड्ड्याकडे येतं. झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ झालं, बारीक वाळू येऊ लागली, तर पट्टी आतून पोकळ होते आहे. अशा वेळी चिकणमातीचा बोळा कोंबणं धोक्याचं असतं. पाणी अडतं, मागे दाब वाढतो आणि ते दुसरीकडून फुटतं. पाणी येऊ द्या, माती अडवा: आधी भरड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठे गोटे असा उलटा फिल्टर त्या जागेवर टाका. सोबत उपसा कमी करून खड्ड्याची पातळी थोडी वर येऊ द्या.

पूर ओसरल्यावर खड्डा घाईने रिकामा करणं हेही काठ कोसळण्याचं नेहमीचं कारण आहे. माती पाण्याने भरलेली असते, बाहेरच्या पाण्याचा आधार अचानक जातो आणि भिजलेला उतार सरळ खाली घसरतो. दिवसाला साधारण 30 सेंटीमीटरपेक्षा वेगाने पातळी उतरवू नका. चिकणमाती जास्त असेल तर याहूनही हळू.

दगडी पिचिंग: करायचंच तर नीट

जिथे जमीन सोडणं शक्य नाही, पूल किंवा रस्ता जवळ आहे, तिथे दगड लागतात. पिचिंग फसतं ते दोन ठिकाणी, पायथ्याला आणि टोकांना. मधला भाग फार क्वचित निकामी होतो.

दगडाचा आकार अंदाजाने ठरवू नका. सोव्हिएत अभियंता इझबाश यांचं 1936 चं सूत्र अजूनही पहिल्या अंदाजासाठी चांगलं आहे: व्यास = वेगाचा वर्ग ÷ (2 × 9.81 × 1.65 × 0.86 चा वर्ग). यात 1.65 हा 2.65 घनतेच्या दगडासाठी आणि 0.86 हा खळाळत्या प्रवाहासाठी आहे. काठाजवळचा वेग सेकंदाला 3 मीटर असेल तर व्यास साधारण 38 सेंटीमीटर आणि वजन 70-75 किलो येतं. वेग दुप्पट झाला तर व्यास चौपट लागतो आणि वजन 64 पट. म्हणून वेगाचा आकडा चुकला तर सगळंच चुकतं. बाहेरच्या वळणावर सरासरी वेगाच्या दीडपट धरा. महत्त्वाच्या बांधकामाजवळ हा हिशेब नदी-अभियंत्याकडूनच करून घ्या.

दगड कोनदार हवेत, गोल गोटे घरंगळतात. मोठे-लहान मिसळलेले हवेत, म्हणजे फटी भरतात. थराची जाडी सर्वांत मोठ्या दगडाहून कमी नको. पाण्याखाली टाकायचे असतील तर जाडी दीडपट करा. उतार उभा 1, आडवा 2 याहून तीव्र ठेवू नका.

दगडांखाली फिल्टर अत्यावश्यक आहे. तो नसेल तर दगडांच्या फटींतून मागची माती निघून जाते आणि चांगले जड दगडसुद्धा जागच्या जागी खाली बसतात. जिओटेक्स्टाइल कापड वापरत असाल तर त्यावर उंचावरून दगड सोडू नका, ते फाटतं. आधी वाळूचा पातळ थर द्या. खडी-वाळूचा फिल्टर करत असाल तर नियम असा: फिल्टरच्या मालाचा 15 टक्के कण ज्याहून बारीक आहेत तो आकार, मागच्या मातीच्या 85 टक्के कण ज्याहून बारीक आहेत त्या आकाराच्या 4-5 पटींहून मोठा नसावा.

पायथा जास्तीत जास्त जिथवर तळ खोल जाऊ शकतो तिथपर्यंत खंदक खणून उतरवा. पाण्यामुळे तेवढं खणता येत नसेल तर पायथ्यापुढे तळावर दगडांची आडवी चादर पसरा, लांबी अपेक्षित खोलीच्या दीडपट. तळ खाली गेला की हे दगड स्वतःच घरंगळत उतारावर बसतात आणि काठाखालची जागा झाकतात. वळणावर पिचिंग वळण सुरू होण्याच्या एक पात्ररुंदी आधीपासून, वळण संपल्यानंतर दीड पात्ररुंदीपर्यंत न्या. दोन्ही टोकं काठात आतवर वळवून गाडा. टोक उघडं राहिलं की पाणी मागून शिरतं.

इमारतींचा राडारोडा, सळया निघालेले काँक्रीटचे तुकडे, टायर टाकू नका. सपाट तुकडे घसरतात, मागे पोकळ्या राहतात आणि नदीत धोकादायक कचरा होतो. आणि एका काठाला कठीण कवच घातलं की प्रवाहाची ताकद समोरच्या किंवा खालच्या काठावर जाते. समोर कोणाचं शेत आहे, कोणाचं घर आहे, ते आधी पाहा आणि त्यांच्याशी बोला.

झाडझाडोरा

पुराच्या नेहमीच्या पातळीच्या वरच्या उतारावर मुळं दगडांपेक्षा चांगलं काम करतात. वाळ्याची मुळं सरळ खाली 2-3 मीटर जातात आणि दाट ओळीत लावल्यास माती धरून ठेवतात. पाणी आवडणाऱ्या, फांदीपासून फुटणाऱ्या स्थानिक झाडांच्या ताज्या काठ्या (60 ते 100 सेंटीमीटर लांब) दोन तृतीयांशाहून जास्त जमिनीत ठोका. ओल असेल अशा वेळी लावा आणि काथ्याच्या जाळीने उतार झाका. पायथ्याला मात्र एकट्या झाडांवर विसंबू नका. मुळं धरायला निदान दोन हंगाम लागतात, तोवर पायथा दगडांनीच धरावा लागतो.

रोजच्या कामात

खोदलेल्या मालाचे ढिगारे काठाच्या माथ्यावर रचू नका. काठाच्या उंचीइतकं अंतर हे कमीत कमी, दुप्पट असेल तर बरं. पोकलेन उभा करण्यालाही तोच नियम. माथ्यावर भेगा दिसल्या तर तो भाग त्याच दिवशी बंद करून दोरी लावा. कामगारांचा जीव जाण्याचं हे सर्वांत टाळता येण्यासारखं कारण आहे.

डंपरचा रस्ता काठाला तिरका कापून उतरवला तर पावसाचं पाणी त्याच चाकोरीतून धावतं आणि काठात घळ पाडतं. उतारावर ठरावीक अंतरावर आडवे चर द्या. रस्ता हवा तेवढाच ठेवा, दरवर्षी नवा कापू नका. धुण्याचं पाणी काठावरून सोडू नका, आधी गाळ बसवायच्या टाक्यांत न्या.

थांबायची रेषा

प्रत्येक छेदासाठी तळाची एक पातळी आधीच ठरवा. तळ तिच्या खाली गेला की त्या भागातली खोदाई बंद, नदीने पुन्हा भर घालेपर्यंत. ही पातळी लेखी असावी आणि साइटवर काम बघणाऱ्याला तोंडपाठ असावी. छेद पुराच्या हंगामाआधी आणि नंतर मोजा. मधल्या काळात काठात लोखंडी सळया आडव्या ठोकून ठेवा. किती सळई उघडी पडली ते पाहून झीज कळते. ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या दिशेने फोटो काढा. पुलाच्या खांबाजवळचा तळ वेगळा मोजा.

पुरात काठ तुटायला लागलाच तर आधी माणसं आणि यंत्रं माथ्यावरून हलवा. दगड टाकायचे ते पायथ्याला, वरच्या बाजूकडून खालच्या बाजूकडे. माथ्यावर वाळूची पोती रचून वजन वाढवू नका. खड्डा आणि नदी यांच्यामधली पट्टी धोक्यात असेल तर खड्डा पाण्याने भरू द्या, उपसा ताबडतोब बंद करा. रिकामा खड्डा वाचवायच्या नादात पट्टी जाते.

खाणपट्टा बंद करताना

पुराच्या हंगामाआधी दरवर्षी आणि शेवटी कायमचं: ढिगारे उचला, पात्रातले तात्पुरते रस्ते आणि बांध काढा, गोट्यांच्या पट्ट्यावरचे खळगे सपाट करा, खड्ड्याचे उतार ठरलेल्या आकारात आहेत का ते मोजा. पाणी यायची नियोजित वाट मोकळी आहे का ते पाहा. काठ मात्र शेवटच्या हंगामात ‘नीटनेटका’ करायच्या नावाखाली कापू नका. जमलेलं गवत आणि मुळं त्यात जातात.

खोदाई संपल्यावर पहिल्या मोठ्या पुरापर्यंत छेद मोजत राहायला हवेत, कारण वर सरकणारी कड तोवर आपलं काम करत असते. या मोजणीचा खर्च कोण देणार, नोंदी कोणाकडे राहणार आणि पट्टी फुटली तर दुरुस्ती कोण करणार, हे खाणपट्टा सुरू होतानाच करारात लिहून घ्या, आणि नोंदींची एक प्रत खालच्या-वरच्या गावांकडेही ठेवा.